गुरुवारचा ट्रेस

ज्योत्स्ना ओव्हाळने अमरनाथला कंपनीत घेतलं, त्याला चार वर्षं झाली होती. मुलाखत व्हिडिओवर झाली. ज्योत्स्ना चौसाळ्याच्या घरी, माडीवरच्या खोलीत बसली होती आणि अमरनाथ दिंद्रुडला वडिलांच्या दुकानात. गुरुलिंग शेट्यांचं ते दुकान पाइप, मोटारी आणि वायरचं. मुलाखत चालू असताना गिऱ्हाइकं येत होती आणि प्रश्नाचं उत्तर देता देता अमरनाथ मागे वळून सांगत होता, "दादा, दीड इंची एल्बो आतल्या फळीवर हाय, घ्या काढून." ज्योत्स्नाला हसू आलं होतं. पण त्याची उत्तरं ऐकून ती सावध झाली. न आलेल्या प्रश्नाला तो सरळ "न्हाई येत" म्हणाला आणि तासाभराने त्याच प्रश्नाचं उत्तर शोधून मेल केलं. तिने पुण्याला आपल्या वरिष्ठांना, अजिनाथ सरांना, कळवलं, हा पोरगा घ्या.

ज्योत्स्ना स्वतः या कंपनीत बारा वर्षांपासून होती. कंपनी पुण्याची. नवरा सतीश जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्याची बदली चौसाळ्याला झाली तेव्हापासून ती घरूनच काम करत होती. तिचं काम एका विशिष्ट प्रकारच्या फाइल सिस्टिमवर होतं. मोठ्या संस्थांची माहिती एवढी अवाढव्य असते की एक फाइल एका सर्व्हरवर ठेवून भागत नाही. तिचे तुकडे करून पाच-सहा सर्व्हरांवर एकाच वेळी लिहिले जातात. कोणता तुकडा कुठे आहे आणि फाइल एकूण किती लांब आहे, याची नोंद मात्र एकाच मुख्य सर्व्हरकडे असते. वापरणाऱ्याच्या मशीनवर जो प्रोग्राम हे सगळं घडवून आणतो, तो क्लायंट. तुकडे लिहून झाले की क्लायंटने मुख्य सर्व्हरला निरोप द्यायचा असतो, फाइल आता इथपर्यंत आली. या निरोपाला कमिट म्हणतात. क्लायंटचा बराचसा भाग ज्योत्स्नाने लिहिलेला होता आणि कंपनीत तिला त्याच कामामुळे ओळखत.

पहिली दोन वर्षं ती अमरनाथला रोज दुपारी तीन ते पाच शिकवायची. तो तिला ताई म्हणायचा. तिने सांगितलेलं तो वहीत लिहून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच सांगण्यातली चूक, घाबरत घाबरत, दाखवायचा. तिला त्याचं कोण कौतुक. जो भेटेल त्याला ती सांगायची, आमच्याकडचा, दिंद्रुडचा पोरगा आहे, बघा कसा चालतोय.

तो मागे होता तोवर हे कौतुक टिकलं.

गेल्या पावसाळ्यात एका मीटिंगमध्ये अजिनाथ सरांनी क्लायंटबद्दल काही विचारलं. ज्योत्स्ना उत्तर द्यायला माइक सुरू करत होती, तेवढ्यात सर म्हणाले, "अमरनाथ, तुला काय वाटतं?" बस एवढंच. ती माइकवरचं बोट तसंच ठेवून ऐकत राहिली. त्याने बरोबर उत्तर दिलं. ती देणार होती त्याहून बरं दिलं. त्या दिवसापासून ती मोजायला लागली: सरांनी त्याचं नाव किती वेळा घेतलं, आपलं किती वेळा, त्याच्या मेलला पुण्याच्या लोकांनी किती लवकर उत्तर दिलं, आपल्याला किती उशिरा. त्याचं इंग्रजी मोडकं होतं, तरी लोक त्याचीच वाक्यं उचलून पुढे पाठवत. ती स्वतःला समजवायची, अगं, तूच तर त्याला आणलंस. त्याने उलट जास्तच लागायचं.

त्यातच अजिनाथ सरांनी सांगितलं की पाडव्याला क्लायंटच्या टीमला प्रमुख नेमायचा आहे. नाव त्यांनी घेतलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तक्रार आली. नद्यांच्या पाण्याचा अंदाज बांधणारी एक संशोधन संस्था कंपनीची फाइल सिस्टिम वापरत होती. त्यांच्या हजारो फाइलींपैकी एखाद-दुसरी शेवटाकडून तुटलेली निघत होती. गणित पूर्ण व्हायचं, फाइल लिहून झाली असा संदेश यायचा आणि नंतर उघडली की शेवटचा भाग गायब. कधी व्हायचं, कधी नाही. सरांनी ज्योत्स्ना आणि अमरनाथ दोघांना या कामावर लावलं.

ज्योत्स्नाने पहिल्याच दिवशी सांगितलं, दोष संस्थेच्या सर्व्हरांचा आहे, जुन्या डिस्क लिहिलेलं टिकवत नसतील. सोमवारच्या मीटिंगमध्ये अमरनाथ म्हणाला, "ताई, मला वाटतंय आपला क्लायंटच निरोप खातोय. तुकडा डिस्कवर असंल, पण मुख्य सर्व्हरला कुणी सांगितलंच नसंल."

"नऊ वर्षं चाललेला कोड आहे तो," ज्योत्स्ना सगळ्यांसमोर हसून म्हणाली. "आजच बरा निरोप खायला लागला."

बाकीचेही हसले. संस्थेने बुधवारी डिस्क बदलल्या.

गुरुवारी सकाळी ज्योत्स्ना पुण्याच्या चाचणीच्या मशीनवर तोच प्रकार घडवून बघत होती. तिथल्या डिस्क नव्या कोऱ्या, त्यामुळे तिथे काही होणार नाही आणि आपलं म्हणणं सिद्ध होईल, असा तिचा हिशेब. चाळीस वेळा काही झालं नाही. एकेचाळिसाव्या वेळी फाइल तुटली.

तिने ट्रेस उघडला. ट्रेस म्हणजे तारेवरून कोणता संदेश कधी गेला, कधी आला याची वेळेसकट जशीच्या तशी नोंद. वेळ होती अकरा बेचाळीस. तिने ओळ न ओळ वाचली. क्लायंटने मुख्य सर्व्हरला निरोप पाठवला होता. त्याचं उत्तर यायच्या आत फाइलचा शेवटचा तुकडा लिहिला गेला. तो ज्या सर्व्हरवर गेला, त्याने पोच दिली, मिळाला, डिस्कवर ठेवला. मग पहिल्या निरोपाचं उत्तर आलं. आता त्या शेवटच्या तुकड्यासाठी दुसरा निरोप जायला हवा होता. तो गेलाच नव्हता. पुढे नुसती शांतता होती.

सर्व्हरची काही चूक नव्हती. अमरनाथ बरोबर होता.

तिने त्याची चॅट उघडली. "सापडलं" असं लिहिलं आणि स्क्रीनकडे बघत राहिली. आता काय होणार ते तिला दिसत होतं. तो दोन तासांत कोडमधली जागा शोधणार. सर म्हणणार, अमरनाथने सोमवारीच सांगितलं होतं. सगळ्यांना तिचं हसणं आठवणार. तिने तो शब्द पुसला. ट्रेस स्वतःच्या फोल्डरमध्ये, कुणाला काही कळणार नाही अशा नावाने ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत आपणच कारण शोधू आणि मग दोन्ही एकदम सांगू, असं तिने ठरवलं. यात वाईट काय आहे, असंही तिने स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट बघितली नाही.

संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही. जिथे दोष असेल तिथे तिची नजर ठरत नव्हती. तो कोड तिला पाठ होता, त्यामुळे ती वाचत नव्हती, नुसती म्हणत होती.

शुक्रवारी अजिनाथ सरांनी दोघांना फोनवर घेतलं. "संस्था विचारतेय, डिस्क बदलल्यात, आता पुन्हा गणितं चालवायची का? मोठ्या मशीनवर त्यांची तीन दिवसांची पाळी आहे. क्लायंटवर संशय असेल तर मी त्यांना समांतर लिहिणं बंद करून चालवायला सांगतो. हळू होईल, पण फाइल तुटणार नाही. ज्योत्स्ना, तुझ्याकडे काही आहे?"

तिच्या समोरच्या स्क्रीनवर तो फोल्डर उघडा होता.

"माझ्याकडे तरी क्लायंटच्या विरुद्ध काही नाही, सर."

"अमरनाथ?"

"मला संशय हाय सर. पन पुरावा न्हाई."

"मग चालवू देत त्यांना," सर म्हणाले.

शनिवारी सकाळी अमरनाथचा फोन आला. दिंद्रुडला रस्त्याच्या कामात केबल तुटली होती, दोन दिवस नेट नव्हतं. "ताई, तुमच्याकडं येऊन बसू का? बीडला बी जाता येईल, पन तुमी शेजारी असल्या तर बरं पडंल."

नाही म्हणायला तिला कारण सुचलं नाही. तो अकराच्या सुमाराला मोटरसायकलवर आला, तोंड धुळीने माखलेलं, पाठीला बॅग. बीडमध्ये थांबून त्याने कोडची चौदा पानं छापून आणली होती. माडीवरच्या टेबलाशी तो ज्योत्स्नाच्या शेजारी बसला आणि पेन्सिल घेऊन पानं वाचायला लागला. दोन-तीन तास त्याने पानांतून मान वर काढली नाही. ज्योत्स्ना आपल्या लॅपटॉपवर उगाच काहीबाही उघडत-मिटत होती. त्याच्या कोपरापासून तो ट्रेस हातभर अंतरावर होता.

दीड वाजता सासूबाई, केशरबाई, जिना चढून आल्या. त्यांनी अमरनाथकडे निरखून बघितलं.

"शेटे म्हंजी तुमी शंकराचे ना, लिंगायत?"

"हो आजी."

"आमच्यात जेवशील का बाळा? आमी बुद्धाचे. न्हाई म्हन्लास तरी राग न्हाई."

"जेवतो की. भूक लई लागलीय," अमरनाथ म्हणाला आणि त्यांच्या मागोमाग खाली उतरलासुद्धा.

त्याने पिठल्यासोबत दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. शनिवारची सकाळची शाळा संपवून सतीश घरी आला होता, त्याच्याशी तो दिंद्रुडच्या बाजाराबद्दल बोलला. केशरबाईंना त्याने त्यांच्या माहेरचं गाव विचारलं. ज्योत्स्नाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तिने ते असं कधी विचारलं नव्हतं. लग्नात कळलं तेवढंच. जेवण झाल्यावर त्याने स्वतःचं ताट मोरीत नेऊन ठेवलं.

"पोरगं लई गुणाचं हाय," केशरबाई ज्योत्स्नाला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या.

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. इथेसुद्धा, असं तिच्या मनात आलं. माझ्या घरात, माझ्या सासूच्या तोंडून. आपण किती खालच्या पायरीवर आलोय हे तिला कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता.

तीनच्या सुमाराला ती चहा घेऊन वर आली तेव्हा अमरनाथचं बोट एका पानावर थांबलं होतं. मग त्याने लॅपटॉप ओढला आणि ती ओळ मूळ कोणी लिहिली हे दाखवणारी आज्ञा दिली. ज्योत्स्ना दारातच होती. त्याच्या खांद्यावरून तिला स्क्रीन दिसली. ज्योत्स्ना ओव्हाळ, नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

अमरनाथने स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली. मागे वळला आणि तिला बघून थोडा गोंधळला.

"काय सापडलं?" तिने विचारलं.

"अजून नक्की न्हाई, ताई." त्याने पानं गोळा केली. "एक जरी ट्रेस मिळाला असता ना, तर खात्री झाली असती. नुसतं कोड बघून कुणावर बोट ठेवणं बरं न्हाई. सोमवारी बघू."

चहा पिऊन तो निघाला. जाताना केशरबाईंच्या पाया पडला.

ज्योत्स्ना वर आली आणि त्याने बोट ठेवलेलं पान तिने आपल्या स्क्रीनवर काढलं. आता तिला लगेच दिसलं. मुख्य सर्व्हरला निरोप द्यायचा बाकी आहे, हे लक्षात राहावं म्हणून क्लायंट एक खूण करून ठेवायचा. निरोपाचं उत्तर आलं की ती खूण पुसायची, असं तिने लिहिलं होतं. पण निरोप वाटेत असताना नवा तुकडा लिहिला गेला, तर त्याच्यासाठीही तीच खूण केली जायची. जुन्या निरोपाचं उत्तर यायचं आणि क्लायंट नव्या तुकड्याची खूणसुद्धा पुसून टाकायचा. क्लायंटच्या लेखी सगळं कळवून झालं होतं. कळवलेलं काहीच नव्हतं.

चूक कळल्याचं तिला एवढं लागलं नाही. त्याने ती खिडकी बंद केली, ते लागलं. तो तिला सांभाळून घेत होता. ज्याला तिने खूण म्हणजे काय इथपासून शिकवलं, तो आता तिची लाज राखायला बघत होता, आणि त्याला ते परवडत होतं. तो तिच्याशी वाईट वागला असता तर तिला सोपं गेलं असतं.

रविवारी दुपारी तिने दुरुस्ती लिहिली. खूण उत्तर आल्यावर पुसायची नाही, निरोप पाठवण्याआधी पुसायची. म्हणजे मधल्या काळात नवी खूण झाली तर ती टिकून राहील. दुरुस्तीचा पॅच तिने टीमला पाठवला, त्यात कारण नीट समजावलं, जुना कोड आपलाच होता हेही मोठ्या मनाने लिहिलं आणि पुरावा म्हणून ट्रेस जोडला. अमरनाथचं नाव कुठेच नव्हतं.

अर्ध्या तासात अजिनाथ सरांचं उत्तर आलं. "शाबास, ज्योत्स्ना. रविवारी बसून काढलंस. असंच पाहिजे."

तिने तो मेल तीनदा वाचला आणि खाली जाऊन सतीशला दाखवला. सतीश वह्या तपासत होता. त्याने वाचून विचारलं, "काल अमरनाथ हेच बघत होता ना?"

"तो बघत होता. मला सापडलं."

सतीशने तिच्याकडे बघितलं, मग वहीकडे.

सोमवारी सकाळी अमरनाथचा अभिप्राय आला, सगळ्यांना दिसेल असा. त्यात एकच प्रश्न होता. निरोप पाठवण्याआधी खूण पुसली आणि मुख्य सर्व्हर म्हणाला, आत्ता नाही, नंतर या, तर? खूण तर पुसून बसलो. मग तो निरोप पुन्हा कोण देणार?

ज्योत्स्नाच्या दुरुस्तीत तीच चूक दुसऱ्या दाराने आत आली होती. निरोप फसला तर खूण परत करायची, एवढी साधी गोष्ट ती घाईत विसरली होती. खाली पुण्याच्या दोघांनी लिहिलं होतं, उत्तम प्रश्न.

तेवढ्यात फोन वाजला. अमरनाथच होता.

"ताई, तुमी एकट्याच हाव का?"

"हो. बोल."

"तो ट्रेस मी बघितला. त्याच्यावर वेळ हाय." तो म्हणाला. "गुरुवार, अकरा बेचाळीस."

ट्रेसच्या प्रत्येक ओळीवर वेळ असते हे तिने स्वतः त्याला शिकवलं होतं. जोडताना तिच्या डोक्यात तेवढंच आलं नव्हतं. बहुतेक ती त्याकडे बघायचं टाळत होती.

"मशीनचं घड्याळ चुकलं असंल म्हणून मी तपासलं," अमरनाथ म्हणाला. "बरोबर हाय घड्याळ."

"हो. गुरुवारचाच आहे."

"कावून ठेवला होता, ताई?"

सांगण्यासारखी तीन-चार कारणं तिच्याकडे तयार होती. नीट बघितला नव्हता, खात्री नव्हती, विसरले. तिने त्यातलं एकही काढलं नाही.

"मला तुझा हेवा वाटतो," ती म्हणाली. "गेल्या पावसाळ्यापासून. हे मला सोडवायचं होतं, तू सोडवायला नको होतास."

पलीकडे मागे दुकानात कुणीतरी पाइप कापत होतं.

"शनिवारी तुमचं नाव दिसलं म्हणून मी बंद केलं," अमरनाथ म्हणाला. "सरांना कसं सांगायचं, तुमाला वाईट न वाटता, याचाच विचार करत दिंद्रुडपर्यंत गेलतो. आन् तो तुमच्याजवळ होता. मी ट्रेस पाहिजे म्हन्लो तवा बी तुमी ऐकत होत्या."

"हो."

"संस्थेनं शुक्रवारपासून गणितं चालवली. पुन्हा फाइली तुटल्यात, सगळं वाया गेलंय. सकाळी मेल आलाय."

तिने तो मेल बघितला नव्हता. ती रविवारपासून सरांचाच मेल उघडत होती.

"सरांनी मला अहवाल लिहायला सांगितलाय," तो म्हणाला. "पुरावा पहिल्यांदा कधी मिळाला, असा एक रकाना हाय त्यात. मी कुणाला काही बोललो न्हाई अजून. तारीख कोणती लिहू, तुमी सांगा."

त्याने हे मुद्दाम तिच्यावर सोडलं, की खरंच त्याला कळत नव्हतं, ते तिला त्या वेळी समजलं नाही आणि पुढेही तिने कधी विचारलं नाही.

"गुरुवार लिही."

"मग सर विचारतील."

"मी सांगते त्यांना."

तिने दुपारीच अजिनाथ सरांना फोन केला. सर आधी समजले नाहीत, मग समजले. "मी शुक्रवारी तुला सरळ विचारलं होतं," एवढंच ते म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं.

मंगळवारी संस्थेबरोबर बैठक होती. त्यांच्याकडून गणितांचं काम पाहणाऱ्या एक बाई बोलत होत्या, पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या. तीन दिवसांची पाळी वाया गेली होती. मोठ्या मशीनवर पुढची पाळी एकोणतीस दिवसांनी. पावसाळ्याआधी धरणांच्या लोकांना द्यायचा अंदाज तेवढा लांबणार होता. त्यांचे दोन विद्यार्थी शनिवार-रविवार घरी न जाता फाइली बघत बसले होते.

"अहवालात गुरुवार लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आम्ही तर शुक्रवारी विचारलं होतं."

अजिनाथ सर म्हणाले, "मॅडम, त्यात काही तांत्रिक..."

"तांत्रिक नाही, सर," ज्योत्स्नाने मध्येच माइक सुरू केला. "पुरावा माझ्याकडे गुरुवारी होता. मी तो दिला नाही. कारण माझं स्वतःचं होतं, कामाचं नव्हतं. तुमचे तीन दिवस माझ्यामुळे गेले. मी माफी मागते."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू तिला नीट बघायचं होतं. "कारण मला नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी फोन कुणाला करायचा, तेवढं सांगा."

"अमरनाथला," सर म्हणाले.

ज्योत्स्नाने ते ऐकलं. लागायचं तिथे लागलं. माफी मागताना तिच्या मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी आशा होती की खरं बोलल्यावर आतलं हे सगळं निवेल. तसं झालं नाही.

अमरनाथने पॅच पूर्ण केला. खूण आधी पुसायची, निरोप फसला तर परत करायची, आणि हे चालू असताना दुसऱ्या कुणी तिला हात लावू नये म्हणून कुलूप. सगळ्यात वर त्याचं नाव. पाडव्याच्या आठवड्यात तो टीमचा प्रमुख झाला. ज्योत्स्नाला लेखी समज मिळाली आणि त्या वर्षी तिची बढतीची फाइल पुढे गेली नाही. तिने कुरकुर केली नाही.

अमरनाथ तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. पूर्वी फोन ठेवताना तो इकडचं तिकडचं विचारायचा, ते बंद झालं. प्रमुख झाल्यावर त्याने तिला पहिलं काम दिलं ते असं: हा प्रकार पुन्हा कधी घडला तर पकडला जाईल, अशी चाचणी लिहा. मेल दोन ओळींचा होता. ती दिवसभर त्याच्यावर धुमसत होती. पोरासोरांचं काम, असं तिला वाटलं. संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना ती सतीशला म्हणाली, "मला अजून हेवा वाटतो त्याचा. त्याने काही केलं नाही, तरी वाटतो."

"त्याला सांगितलंस ना एकदा?"

"सांगितलं."

"मग वाटू दे," सतीश म्हणाला. "वाटतं म्हणून काम कुठं अडतंय?"

चाचणी लिहायला तिला दोन आठवडे लागले. पोरासोरांचं काम नव्हतं ते. मुख्य सर्व्हरचं उत्तर मुद्दाम अडवून धरायचं, त्या फटीत तुकडे लिहायचे, फट कधी लहान, कधी मोठी करायची. जुना क्लायंट तिसऱ्याच फेरीत पडला. मग तिने अमरनाथचा दुरुस्त केलेला क्लायंट लावला. दोन दिवस तो नीट चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी, फाइल बंद करण्याच्या नेमक्या क्षणी निरोप फसला तर, एक फाइल तुटली.

ती खुर्चीत मागे टेकली. तिला आनंद झाला होता, आणि तो चांगला आनंद नव्हता हे तिला माहीत होतं. तो ओसरायची वाट न बघता तिने फोन लावला.

"तुझ्या पॅचमध्ये एक भोक राहिलंय," ती म्हणाली. "फाइल बंद होताना. ट्रेस पाठवलाय."

अमरनाथने उघडून बघितला. ती फोन धरून थांबली.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "माझ्या नजरेतनं सुटलं." आणि थोड्या वेळाने, "संस्थेच्या पाळीला चार दिवस हायेत. आज दुरुस्त करतो. तुमी रात्रभर लावून ठेवा चाचणी."

"ठेवते."

"आन् उद्या दहाला सगळ्यांना ती कशी चालते ते सांगा. पुण्यातल्यांना समजली न्हाई."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिने सांगितलं. नऊ जण ऐकत होते. शेवटी अमरनाथने दोन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर तिने दिलं. दुसऱ्याचं तिला माहीत नव्हतं, तसं तिने सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं.